गाडीचं अर्थिंग : आधी मोजलं, मग वायर ओढली

गाडीला जादा अर्थिंगच्या वायरी लावल्या की पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, हेडलाइट लख्ख पडतात, असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. हे सगळं थोतांड आहे म्हणणारेही तितकेच. मी हे काम माझ्या जुन्या गाडीवर टप्प्याटप्प्याने केलं आणि प्रत्येक टप्प्याला मल्टिमीटर लावून आकडे वहीत लिहीत गेलो. त्यामुळे दोन्ही बाजूंना दाखवण्यासारखं काहीतरी हाताशी आहे.

गाडी २००६ सालची, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल हॅचबॅक. इंजिन इंजेक्शनचं, पण क्लच आणि ॲक्सिलरेटर दोन्ही केबलवर. रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला उघड्यावर उभी असते. बारा महिने समुद्राचा खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. या हवेत खिडकीचे गज, कडी-कोयंडे, सायकलची चेन, काहीच फार दिवस धड राहत नाही; मग बॉनेटखालची निगेटिव्ह वायर तरी कशी राहणार?

त्रास असा होता. पावसाळ्यात सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड फिरायचं, एकेक फेरा मोजता येईल इतकं. सिग्नलला उभं राहून एसी आणि दिवे चालू असले की आरपीएम खाली बसायचे, गाडी थरथरायची. डाव्या हेडलाइटचा उजेड उजव्यापेक्षा पिवळा. आणि ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मंद लुकलुकायचा, हे तर दुसऱ्या गाडीवाल्याने थांबवून सांगितलं. एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की सेल्फ काढून बनवून घ्या. दुसरीकडे म्हणाले, बॅटरी टाका नवीन. बॅटरी जेमतेम वर्षाची होती.

त्याच सुमारास पुण्याच्या मावसभावाने त्याच्या गाडीत ऑनलाइन मागवलेलं ग्राउंडिंग किट बसवलं होतं. बॅटरीच्या निगेटिव्हवर एक पितळी चकती, आणि तिच्यातून निघून इंजिनवर इकडे-तिकडे गेलेल्या जाड निळ्या वायरी. हा छंद मूळचा जपानी गाडीवेड्यांचा. तिकडे २००० सालाच्या आसपास त्याची मोठी लाट होती. भावाचा फोन आला, "दादा, गाडी एकदम मोकळी पळते रे, तू पण टाकून घे." मला लगेच किट मागवायचं नव्हतं. गाडी मोकळी पळते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

ज्यांनी कधी बॉनेटखाली डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीतल्या प्रत्येक दिव्याला, मोटारीला, हॉर्नला बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून वायर जाते. करंट परत यायला मात्र स्वतंत्र वायर नसते. तो गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे बॉडीतूनच बॅटरीच्या निगेटिव्हला येतो. म्हणून बॉडीला अर्थ म्हणायचं. यात इंजिनची एक अडचण असते. ते रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. सेल्फ इंजिनवर, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनवर, प्लग इंजिनमध्ये, आणि या सगळ्यांचा परतीचा रस्ता म्हणजे निगेटिव्हपासून गिअरबॉक्सला आलेली एक जाड वायर आणि इंजिनपासून बॉडीला गेलेली एखादी विणलेली पट्टी. एवढ्या दोन जोडांवर सगळा भार.

आणि भार म्हणजे किती? छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते १५० अँपिअर ओढतो. जोडात फक्त ५ मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा दोनशेवा भाग इतका रोध शिरला, तरी १२० अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच जातात. ते सेल्फला मिळत नाहीत, जोड गरम करण्यात खर्च होतात.

हे मला कागदावर माहीत होतं. प्रत्यक्ष कसं शोधायचं ते आमच्या नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने शिकवलं. वय सत्तरीकडे झुकलेलं, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. मी मीटर ओहमवर लावून निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत तपासत होतो आणि तो शून्याच्या जवळपास दाखवत होता.

"तसं नाही कळायचं तुला," चाचा म्हणाले. "वायरीतली एक तार जरी शाबूत असली ना, तरी मीटर सगळं ठीक सांगेल. तिच्यावर वजन टाक, मग बघ उभी राहते का."

वजन टाकायचं म्हणजे करंट चालू असताना मोजायचं. मीटरच्या स्वतःच्या लाल-काळ्या वायरींचाच रोध ओहमच्या दहाव्या भागाच्या वर असतो, त्यात ५ मिलिओहम दिसणार कुठून? त्याऐवजी मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलच्या क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच), लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. दोन्ही टोकं एकाच निगेटिव्हची, त्यामुळे आदर्श आकडा शून्य. ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं की रस्त्यात कुठेतरी खड्डा आहे.

फ्यूएल पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा छोटा स्विच, काढून ठेवला, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी म्हटलं की चार सेकंद किल्ली फिरवायची आणि सोडायची, मध्ये सेल्फला विश्रांती. बॅटरीच्या दोन खांबांवर सेल्फ चालू असताना १०.६ व्होल्ट आले. साधारण ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी संशयित, तेव्हा बॅटरी निर्दोष सुटली. मग निगेटिव्ह खांब ते इंजिन: ०.७१.

मुलीने आतून विचारलं, "बाबा, चांगला आहे का आकडा?" चांगला अजिबात नव्हता, पण मला आनंद झाला. सेल्फ बनवायचे पैसे वाचले होते.

आता हे ०.७१ कुठे कुठे गळतायत ते शोधायचं. हे काम मला मनापासून आवडलं. सुई एकेक पायरी पुढे सरकवायची आणि दर वेळी किल्ली. खांब ते क्लॅम्प ०.०५. क्लॅम्पपासून वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या थिंबलपर्यंत (बोल्टखाली बसणारं धातूचं कडं) ०.२१. आणि थिंबल ते गिअरबॉक्सचा धातू, ज्यांच्यात एक कागद जाईल इतकंही अंतर नाही, तिथे ०.४५. अर्ध्याहून जास्त नुकसान एका बोल्टखाली.

तो बोल्ट एअर फिल्टरच्या डब्याखाली, गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला. बाराचा पाना लावला. पहिल्यांदा हललाच नाही, मग गंज सोडवणारं तेल मारून तासभर ठेवला आणि कटकन सुटला. थिंबल उचलून बघितलं. खालची बाजू जिथे धातूला धातू टेकायला हवा तिथे पांढरट भुकटी जमलेली, बोटाने चोळली तर रांगोळीसारखी सुटत होती. ती ॲल्युमिनियमच्या गिअरबॉक्सची. थिंबलच्या तांब्यावर हिरवा कळंक. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे एक छोटी बॅटरीच ती; ॲल्युमिनियम झिजत राहतो. बोल्टच्या आट्यांमधून जो काही स्पर्श उरला होता त्यावर गाडी इतकी वर्षं चालू होत होती.

मग वायर. बाहेरून काळं आवरण अगदी ठीक. थिंबलजवळ कटरने आवरण चिरलं, तर आतलं तांबं लाल नव्हतंच. काळपट-हिरवं, आणि ते टोकापुरतं नाही. मी चिरत गेलो तसतसं हातभर आतपर्यंत. बारीक तारांच्या फटींतून पाणी वर चढत जातं, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. बाहेरून बघून वायर चांगली आहे म्हणणं किती फसवं आहे ते तिथे कळलं. अर्धा मीटर चांगल्या तांब्याच्या वायरीत इतके व्होल्ट जाण्याचं कारणच नव्हतं.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम केली, आणि ती प्रत्येकाने करावी असं मला वाटतं. नवीन काही लावण्याआधी बॅटरी नुसती सोडली, अर्धा तास तशीच ठेवली, पुन्हा जशीच्या तशी जोडली आणि गाडी हातखंब्यापर्यंत फिरवून आणली. कारण इंजेक्शनच्या गाडीत इसीएमच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, स्मृतीत शिकलेल्या गोष्टी असतात, आयडलिंग किती ठेवायचं, पेट्रोल थोडं कमी-जास्त किती करायचं. बॅटरी सोडली की ते पुसलं जातं आणि गाडी नव्याने शिकायला लागते. खरंच गाडी थोडी वेगळी वाटली, पेडलला जरा चपळ. एकही नवी वायर न लावता! किट बसवताना बॅटरी सोडावीच लागते, टर्मिनल घासलं जातं, आणि मग जो फरक जाणवतो त्याचं सगळं श्रेय निळ्या वायरींना जातं. त्यातला इसीएमचा वाटा वेगळा काढल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. मी आठवडाभर गाडी तशीच चालवून तिला स्थिरावू दिलं आणि मगच पुढे गेलो.

पहिला टप्पा: फक्त सफाई. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडला. हा नियम कधी मोडू नये. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की ठिणग्यांचा पाऊस. जोडताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवलं. गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, थिंबल घासलं, बॅटरीचा खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू घासली. जुनीच वायर परत बसवली, बोल्ट आवळला, आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. आधी धातूला धातू, मग आवळणं, मग वरून जेली. मीटर लावला: ०.७१ वरून थेट ०.२६. खर्च एका पॉलिश पेपरचा.

सेल्फचा आवाज त्याच वेळी बदलला. मुलगी म्हणाली, "आता पटकन फिरतोय." तिला आकडे माहीत नव्हते, म्हणून तिच्या बोलण्याला मी जास्त किंमत देतो.

दुसरा टप्पा: वायर बदलणं. मुंबईला काही कामाने गेलो होतो तेव्हा लोहार चाळीतून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल, थोडी १६ ची, थोडी १० ची आणि कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची थिंबल घेऊन आलो. वेल्डिंग केबल अशासाठी की ती अतिशय बारीक तारांची असते, इंजिनच्या हादऱ्यांना वाकते, तुटत नाही. घरच्या वायरिंगची कडक वायर इथे चालत नाही. आणि कथिलाचा मुलामा अशासाठी की आपल्या पितळेच्या भांड्याला कल्हई जे काम करते तेच तो इथे करतो, तांब्याला हवेपासून वेगळं ठेवतो. दुकानदाराने स्वस्तातली एक केबल दाखवली होती, दिसायला अगदी तशीच. एक तार काढून ब्लेडने खरवडली तर आत पांढरं. वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, आणि आमच्या हवेत तर ते लवकर संपेल. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त किटमध्ये हेच असतं, वर जाडजूड रंगीत आवरण आणि आत थोडासा माल. किट घेणार असाल तर एक टोक सोलून नक्की खरवडून बघा.

थिंबल दाबायचं काम पक्कडीने होत नाही. हातोडीने ठोकून बसवलेली थिंबल मी पाहिली आहेत, ती वर्षभरात सैल होतात. कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल होतं, त्याच्याकडून सगळी टोकं दाबून घेतली. एक नमुन्याचं टोक हॅक्सॉने आडवं कापून बघितलं; आत तारा वेगवेगळ्या दिसतच नव्हत्या, एक सलग तांब्याची लगडी झाली होती. इतकं दाबलेलं असेल तर पाणी आत शिरायला फट उरत नाही. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी तापवून बसवली. डाग देऊन जोडायचं मी टाळलं, कारण कथिल तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्याने नेमका त्याच्या कडेला तुटतो.

नवीन २५ ची वायर बसवली. ०.२६ वरून ०.११. बॅटरीपासून बॉडीला जाणारी बारीक फांदीही १० ची टाकली.

तिसरा टप्पा म्हणजे खऱ्या अर्थाने जादा वायरी, मूळ गाडीत नसलेल्या. एक इंजिनच्या हेडवरून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्याला, १० ची. एक अल्टरनेटरच्या ब्रॅकेटपासून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला, १६ ची. सेल्फ मारला: ०.०८.

हे तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की सगळं चित्र उभं राहतं. घासण्याने ०.४५ व्होल्ट परत आले, खराब वायर बदलल्याने ०.१५, आणि ज्या जादा वायरींची एवढी चर्चा असते त्यांनी ०.०३. जोड सडका असताना मी थेट किट बसवलं असतं तर किटने सगळंच सुधारलं असतं, कारण नव्या वायरींनी सडक्या जोडाला वळसा घालून दुसरा रस्ता दिला असता. आणि मग मीही सगळ्यांना सांगत सुटलो असतो की किट लावा. ज्यांना फरक पडला ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या गाडीत काहीतरी बिघडलेलं होतं आणि ते त्यांना कळलेलं नाही, इतकंच.

अल्टरनेटरच्या वायरीचा मात्र मला वेगळा उपयोग झाला. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू ठेवून अल्टरनेटरच्या अंगापासून निगेटिव्हपर्यंत सुरुवातीला ०.२२ व्होल्ट जात होते, ते ०.०४ वर आले. बॅटरीवर १३.९ दिसायचे तिथे १४.१ दिसायला लागले. एसी लागताना आरपीएमचा बसका आता कमी आहे, थरथर गेली आहे.

डावा हेडलाइट हे स्वतंत्र प्रकरण. त्या बाजूच्या फेंडरचं मागे डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. दिव्याची अर्थची वायर आतल्या पत्र्यावर दहाच्या बोल्टने बसवलेली, आणि रंगवणाऱ्याने त्या जागेवरही प्रायमर आणि रंग मारून मग वर थिंबल आवळलं होतं. रंग म्हणजे विजेला भिंतच. सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जायचा. दिवा लावून अर्थच्या बाजूला मोजलं तर ०.६८ व्होल्ट. उजवीकडे ०.२. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पत्रा उघडा होईपर्यंत खरवडली, दातेरी वॉशर घातला, ४ चौरस मिलिमीटरची नवी वायर लावली आणि आवळल्यावर भोवतीने पुन्हा रंगाचा हात मारला, नाहीतर तोच उघडा पत्रा दोन पावसात गंजून आरपार होतो. आता ०.०६.

बल्बच्या टोकांवर आधी १२.१ व्होल्ट होते, आता १२.९. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. हिशेब केला तर एवढ्याशा फरकाने उजेड जवळजवळ सव्वापट होतो. जुलैत रात्री आंबा घाटातून खाली उतरताना, धुकं आणि पाऊस एकत्र असताना, डावीकडची साइडपट्टी आणि दगडी कठडा मला आता आधी दिसतो. या सगळ्या खटाटोपात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पिकअपबद्दल बोलणारे लोक या गोष्टीबद्दल का बोलत नाहीत, मला कळत नाही.

मागच्या इंडिकेटरचं कारणही अर्थच निघालं. मागच्या डाव्या दिव्याच्या झुपक्याची एकच अर्थ, डिकीच्या कोपऱ्यात, गंजलेली. ब्रेकच्या बल्बला परतीचा रस्ता मिळेना की करंट शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा घुसून तिथून बाहेर पडायची वाट शोधतो. घासून आवळली, थांबलं.

आता पिकअप आणि ॲव्हरेज. हातखंब्यापुढे महामार्गाच्या सपाट पट्ट्यावर, सकाळी रहदारी नसताना, चौथ्या गिअरमध्ये ४० पासून ८० पर्यंत किती सेकंद लागतात ते काम करण्याआधी आणि नंतर मोजून बघितलं. एकाच दिवसाच्या दोन फेऱ्यांत जितका फरक पडतो, त्याहून जास्त फरक मला आधी आणि नंतरमध्ये सापडला नाही. टाकी फुल ते टाकी फुल मोजलेल्या ॲव्हरेजमध्येही नाही. आणि तसंच व्हायला हवं. प्लगची ठिणगी देणाऱ्या कॉइलला किती वेळ भरायचं हे इसीएम व्होल्टेज बघून ठरवतो. व्होल्टेज कमी असेल तर जास्त वेळ भरतो. इंजेक्टरही कमी व्होल्टेजला उशिरा उघडतो, त्याची भरपाईही तोच करतो. म्हणजे थोडीफार घट आधीच भरून निघालेली असते. वायर लावून जादा ताकद कुठून येणार? फार जुन्या इंजेक्शन गाड्यांत एकाच वायरीचा ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याची अर्थ सायलेन्सरच्या पाइपातून इंजिनमार्गे येते. त्याचा सिग्नलच शून्य ते एक व्होल्टच्या आतला, तेव्हा तिथे पाव व्होल्टाची गडबड झाली तर पेट्रोलचं प्रमाण खरंच बिघडू शकतं. माझ्या सेन्सरला चार वायरी आहेत, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा मीटर बरोबर होता. भावाच्या गाडीवर किटसकट मोजलं: ०.१०. मग त्याच्या परवानगीने किटच्या सगळ्या वायरी सोडल्या, मूळची अर्थ तेवढी ठेवली: ०.१२. त्याची गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, कोरड्या हवेत, सहा वर्षांची. तिथे सुधारायला काही शिल्लकच नव्हतं. तो बराच वेळ आकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण दादा, गाडी खरंच वेगळी वाटली होती रे." वाटली असणारच, बॅटरी सोडली होती ना! वायरी त्याने परत बसवल्या. त्यांनी नुकसान काही नाही, नीट आवळलेल्या आहेत.

नुकसान होऊ शकतं अशा जागा मात्र आहेत, आणि त्या चाचांनी मला आधीच बजावून सांगितल्या होत्या. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवरच एक छोटा सेन्सर असतो, बॅटरीत किती करंट येतो-जातो ते मोजणारा. जादा वायर थेट खांबाला जोडली तर करंट सेन्सरला चुकवून जातो आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो. तिथे वायर सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूलाच यायला हवी. सेन्सरांच्या स्वतःच्या अर्थच्या वायरी इसीएमकडे जातात, त्या कापून बॉडीला लावायच्या नाहीत. पिवळ्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही. पेट्रोलच्या पाइपजवळ आणि टाकीजवळ पत्र्याला भोक पाडायचं नाही. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर जोर करायचा नाही, त्या एकदा गेल्या की गिअरबॉक्सचं काम. आणि वायर पंख्याच्या, पट्ट्याच्या, सायलेन्सरच्या वाटेत येता कामा नये. वॉरंटीतली गाडी असेल तर यातलं काहीच करू नये.

चाचांनी आणखी एक सांगितलं ते इथे नोंदवतो. इंजिनची अर्थ पूर्ण तुटली की सेल्फचा करंट मिळेल त्या लोखंडातून वाट काढतो, आणि इंजिन ते बॉडी जोडणारं लोखंड म्हणजे क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल. "क्लच केबल सारखी सारखी जाते म्हणून लोक येतात," ते म्हणाले. "आतलं प्लास्टिक वितळलेलं असतं. नवी केबल टाकून पाठवतात, महिन्याने परत. अर्थ कोणी बघत नाही." तुमच्याकडे केबलवाली जुनी गाडी असेल आणि सेल्फ मारताना केबल कोमट लागत असेल तर लगेच मोजून घ्या.

आता मी वर्षातून दोनदा मोजतो, पावसाच्या आधी आणि खंडेनवमीला. पूजेसाठी पाने, पक्कड बाहेर निघतातच, तेव्हाच मीटरही लावून घेतो. यंदा खंडेनवमीला इंजिनला ०.०९, डाव्या हेडलाइटला ०.०७. एका पावसाळ्यात एवढं चालेल. बल्बपर्यंत पोचताना पॉझिटिव्हच्या बाजूला मात्र अजून १.१ व्होल्ट जातायत, कारण दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून येतो. त्याला अर्थिंगचा काही उपाय नाही. त्यासाठी दोन रिले, फ्यूज आणि बॅटरीपासून थेट ४ ची वायर आणून ठेवली आहे. चाचांना सवड झाली की त्यांच्या दुकानासमोर गाडी लावून बसवणार आहे.